श्वासयंत्र सुटण्याचा हिशेब

२०२० च्या करोना साथीने ‘व्हेंटिलेटर’ हा शब्द घरोघरी पोहोचविला. किती यंत्रे खरेदी झाली, कोणत्या जिल्ह्याला किती मिळाली, याचे आकडे तेव्हा वारंवार मांडले जात. रुग्ण यंत्रावरून किती लवकर आणि सुखरूप सुटतो, हा प्रश्न मात्र त्या हिशेबात क्वचितच आला. वस्तुतः यंत्राची खरी उपयुक्तता त्यावरच ठरते.

श्वासाचे काम यंत्राने पूर्णतः उचलले की छाती व पोट यांमधला पडदा, म्हणजे श्वासपटल, निष्क्रिय होते. मेंदूमृत अवयवदात्यांवरील, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात १८ ते ६९ तासांच्या निष्क्रियतेनेच या स्नायूचे तंतू लक्षणीय रोडावल्याचे आढळले. यंत्र जीव वाचविते, आणि त्याच वेळी स्वतःची गरजही वाढविते. नळी उशिरा काढावी तर जंतुसंसर्गाचे भय. घाईने काढावी तर ती पुन्हा घालण्याची आपत्ती.

रुग्णाला अर्धा ते दोन तास स्वतःच्या बळावर श्वास घेऊ देऊन डॉक्टर हा निर्णय करीत आले आहेत. त्याला आता सोनोग्राफीची जोड मिळाली आहे. श्वास घेताना श्वासपटल किती जाड होते, किती सरकते, फुफ्फुसांत पाणी साचले आहे काय, हे खाटेशेजारीच पाहता येते. जाडीतील वाढ सुमारे ३० टक्क्यांहून अधिक असल्यास यशाची शक्यता बरी मानतात. ही तपासणी एकटी निर्णायक नव्हे. परंतु रुग्ण कोठे अडखळतो, हे ती दाखविते.

गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. सोनोग्राफी यंत्रांवरील नोंदणीचे बंधन त्यातूनच आले, आणि ते योग्यच आहे. मात्र नियम पाळून अतिदक्षता विभागात आणलेले यंत्रही शिकलेल्या हाताविना निरुपयोगीच ठरते.

खासगी रुग्णालयात यंत्रावरचा प्रत्येक जादा दिवस कुटुंबाची पुंजी पोखरतो. सरकारी रुग्णालयात एक खाट एक दिवस आधी मोकळी होणे म्हणजे ताटकळणाऱ्या दुसऱ्या रुग्णाला श्वास मिळणे होय. म्हणून यंत्रखरेदीच्या प्रत्येक तरतुदीबरोबर जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचीही तरतूद हवी. यंत्राचे उद्घाटन एका दिवसात उरकते. हात घडविण्यास वर्षे लागतात. खर्च कमी, पण उद्घाटनाची फीत नाही, एवढ्याच कारणाने हे काम मागे पडू नये.