पावतीविना नोकरी

मुलास सरकारी नोकरी लावून देतो, असे सांगून पैसे उकळणाऱ्या लोकांस द्यावयाची रक्कम शेतकऱ्याच्या घरी पुष्कळदा शेत गहाण टाकून वा विकून उभी केली जाते. म्हणून या विषयाचा विचार शेतकी मासिकात होणे अवश्य आहे, असे आम्हांस वाटते.

2022 साली दिल्लीत उघडकीस आलेले प्रकरण वाचकांस स्मरत असेल. रेल्वेत तिकीट तपासनीस, कारकून वगैरे जागा देतो, असे सांगून तामिळनाडूतील 28 तरुणांकडून एकंदर सुमारे 2 कोटी 67 लक्ष रुपये घेण्यात आले. प्रशिक्षण म्हणून त्यांस नवी दिल्ली स्थानकावर सुमारे महिनाभर, रोज आठ तास, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या व त्यांचे डबे मोजावयास लाविले. त्यांतील बहुतेक पदवीधर होते. तात्पर्य, केवळ शिक्षणाने हा फास चुकत नाही.

पैसा चारल्यावाचून नोकरी लागत नाही, हा जो समज आपल्यांत रुजला आहे, तेच या ठकांचे भांडवल होय. बाप ती रक्कम लाच समजून देतो. मग तिची पावती मागता येत नाही, कचेरीत चौकशी करता येत नाही, भाऊबंदांस विचारता येत नाही. आणि फसल्यावर फिर्याद देण्यासही जीभ रेटत नाही. ही गुप्तता चोराच्या पथ्यावर पडते.

खऱ्या भरतीचा मार्ग उघड असतो: जाहिरात, अर्ज, परीक्षा, गुणवत्ता यादी, कागदपत्रांची पडताळणी व नंतर आदेश. 2023 च्या तलाठी भरतीत (या पदास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) 4,644 जागांची जाहिरात होती आणि अर्ज दहा लाखांहून अधिक आले. परीक्षा शुल्क खुल्या वर्गास 1,000 व राखीव वर्गास 900 रुपये होते. याहून अधिक मागणारा मनुष्य सरकारचा नव्हे, हे निश्चित समजावे.

महसूल खात्यात कारकुनी केल्यामुळे एक गोष्ट सांगतो. कचेरीचा आदेश जावक क्रमांक व दिनांक घालून निघतो आणि त्याची नोंद तेथील बारनिशीत असते. गोल शिक्का कोणीही करवून घेतो. यास्तव पत्रावर छापलेल्या दूरध्वनीवर न विसंबता, तो कागद घेऊन स्वतः त्या कचेरीत जावे व नोंद पडताळून घ्यावी.

परदेशच्या नोकरीत धोका याहून मोठा, कारण तेथे पैशाबरोबर मुलगाही अडकतो. खोट्या नोकरीच्या आमिषाने नेऊन सायबर गुन्ह्यांस जुंपलेले 549 भारतीय मार्च 2025 मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरून वायुसेनेच्या विमानांनी परत आणावे लागले. दलाल नोंदणीकृत आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते.

ऑनलाइन पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता 1930 या क्रमांकावर कळवावे व पोलीस ठाणे गाठावे. अशी फसवणूक पूर्वी कलम 420 खाली येई. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली येते. लज्जा ठकास वाटावी, फिर्यादीस नव्हे.

मुलाने नोकरी करू नये, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या पैशाची पावती मिळत नाही, त्याच्यापायी सातबारावर बोजा चढवू नये, एवढी आमची शेतकरी बंधूंस विनंती आहे.

— एक निवृत्त महसूल कारकून,
जुने शहर, अकोला