जनुकाचे नाव नको, काम सांगा

हात थरथरू लागला, चाल मंदावली की आपल्याकडे 'वय झालं' म्हणून सोडून देतात. तेच चाळिशीच्या आत, एकाच घरातल्या दोन भावंडांना झाले तर भगत गाठतात. दवाखान्यात 'कंपवात आहे, आनुवंशिक असेल' एवढेच सांगितले, तर तेही घरच्यांना पूर्वजन्मीच्या कर्मासारखे ऐकू येते. माझ्या मते हे उत्तर अर्धे आहे. कोणते जनुक बिघडले आणि त्याचे काम काय, हे रुग्णाला कळले पाहिजे.

माणसात प्रथिने बनवणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. त्यांची नुसती नावे म्हणजे साखर कारखान्याचा हजेरीपट. काट्यावर कोण, गव्हाणीवर कोण, बॉयलरवर कोण हे ठाऊक नसेल, तर गाळप कुठे अडले ते कसे सापडणार? म्हणून 'जीन ऑन्टॉलॉजी' प्रकल्पात १९९८ पासून जनुकांची कामावरून वर्गवारी चालू आहे : करते काय, पेशीत कुठे करते, कोणत्या मोठ्या कामाला हातभार लावते.

पार्किन हे जनुक १९९८ साली कळले, पिंक-वनचा कंपवाताशी संबंध २००४ साली. काम पाहिले तर दोन्ही एकाच पाळीतली. पेशीला ऊर्जा देणारी तंतुकणिका बिघडली की पिंक-वन तिच्यावर खूण करते, पार्किन तिला मोडीत काढायला लावते. ही सफाई थांबली की मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशींना धोका. या प्रकारात सहसा आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. मामाची मुलगी करण्याची आपली रीत इथे महागात पडू शकते. जवळच्या रक्तात तीच खोट दोन्हीकडे असण्याची शक्यता वाढते. आईच्या पायगुणाचा इथे काही संबंध नाही!

आता खरी अडचण. ही माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून जमली आहे. २०२३ साली आफ्रिकी वंशाच्या रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा कुठे जीबीए-वन जनुकातला एक नवा बदल दिसला. आपल्या देशाने १०,००० जणांच्या जनुकांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली, पण ती निरोगी माणसांची. अकोले-पाथर्डीचा रुग्ण या वहीत कधी येणार? जनुक तपासणी आणि समुपदेशन सरकारी दवाखान्यात मिळावे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. संशोधनासाठी रक्त जरूर द्या, मात्र संमतीपत्र मराठीत मागा आणि वाचूनच सही करा.

आणि हो, लेव्होडोपाची गोळी चालू असेल तर ती परस्पर बंद करू नका.