बीपीचं डावं-उजवं

पहिल्या मोठ्या असाइनमेंटचा चेक आला तेव्हा मी बाबांना बीपीचं मशीन घेऊन दिलं. 'फ्रीलान्सिंग म्हणजे काही नोकरी नव्हे' असं म्हणणाऱ्या बाबांना गप्प करायचा तो माझा फंडा होता. बाबांनी मशीन मात्र जाम सिरियसली घेतलं. आयुष्यभर जिल्हा परिषदेत हिशेब तपासलेला माणूस! रोज सकाळी सात वाजता डाव्या दंडाला पट्टा आणि लगेच डायरीत नोंद. १२६/७८. १२४/८०. १२८/७८. सहा वर्षांच्या डायऱ्या कपाटात आहेत. "बघ, गोळी एकच, पण कंट्रोल कसा आहे!" हे मी दर रविवारी फोनवर ऐकायचे. एकीकडे लॅपटॉपवर टाइप करत.

डावाच दंड का? तर बॉक्सवरच्या चित्रात डावा होता म्हणून. शिवाय उजव्या हाताने आकडा लिहिता येतो.

गेल्या दिवाळीत मी कराडला गेले होते. बाबांनी आदल्या दिवशी फ्लूची लस घेतली होती आणि डावा दंड ठणकत होता. मी म्हटलं, "मग उजव्यावर बघा की." वरचा आकडा आला १४८. परत घेतला, १४६.

"तुझं मशीन बिघडलं," बाबा म्हणाले. आता मशीन 'माझं' झालं होतं! मग मी माझ्या दोन्ही हातांवर लावून पाहिलं. उजवा ११२, डावा ११०. मशीन ठणठणीत होतं. दोन दिवसांनी बाबांचा दंड बरा झाला, तेव्हा डावा १२६ आणि उजवा १४८.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाबांना पाच मिनिटं शांत बसवलं आणि दोन्ही हातांचं बीपी दोनदोनदा घेतलं. फरक तोच, वीसच्या आसपास. मग त्यांनी विचारलं, "डावा हात लवकर दमतो का?" बाबा माझ्याकडे बघायला लागले. पिशवी उचलली की डावा हात भरून येतो, हे त्यांनी मला दोनदा तरी सांगितलं होतं. मी म्हणाले होते, "वय झालं, बाबा."

प्रकार असा असतो मंडळी. दोन्ही हातांच्या रीडिंगमध्ये पाच-सात आकड्यांचा फरक बहुतेकांना असतो. त्याचं टेन्शन घ्यायचं कारण नाही. पण वरच्या आकड्यातला फरक पुन:पुन्हा दहाच्या वर जात असेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. गळपट्टीच्या हाडाखालून हाताकडे जाणारी रक्तवाहिनी आतून चरबीच्या थराने अरुंद झाली, की त्या हातात दाब कमी पोचतो. म्हणजे कमी आकडा दाखवणारा हात 'चांगला' नसतो, त्याच्याच वाटेत अडथळा असतो. खरं बीपी जास्तवाल्या हाताचं. आणि एका रक्तवाहिनीत थर साचला असेल, तर हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांकडेही बघावं लागतं. २०२० साली 'हायपरटेन्शन' या जर्नलमध्ये २४ अभ्यासांतल्या सुमारे ५४ हजार माणसांचा डेटा एकत्र करून हेच मांडलं गेलं: फरक जितका मोठा, तितका हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका जास्त.

बाबांच्या डॉपलर तपासणीत डावी वाहिनी अरुंद निघाली. आता बीपीचा डोस वाढलाय, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झालीय. फरक नेमका कधीपासून होता, हे कुणालाच सांगता येत नाही. सहा वर्षांच्या त्या सुंदर डायऱ्यांत उजव्या हाताची एकही नोंद नाही.

'आपण अजून तिशीतही नाही, आपल्याला काय त्याचं?' असं म्हणत असाल तर थांबा. 'ताकायासू' नावाचा एक आजार आहे. १९०८ साली जपानमधल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरने त्याचं पहिलं वर्णन केलं. यात मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज येते, एका हाताची नाडीसुद्धा लागेनाशी होऊ शकते. आणि तो जास्त करून तरुण मुलींना होतो. आजार दुर्मीळ आहे, पण दोन्ही हातांचं बीपी बघायला पैसे लागत नाहीत. आणि छातीत किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ आली, तर मशीन शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

घरी बघायचं तर नीट बघा. आधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगरेट नाही. बाथरूमला जाऊन या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. मधे गप्पा नाहीत, मोबाइल नाही. आधी एक हात, मग दुसरा, मग पुन्हा दोन्ही. नंतर कायम जास्तवाल्या हातावरच मोजायचं.

बाबांनी नव्या डायरीत दोन रकाने आखलेत, 'उ' आणि 'डा'. रविवारी फोनवर ते दोन्ही आकडे वाचून दाखवतात. हल्ली मी तेवढा वेळ लॅपटॉप बंद ठेवते.

या वीकेंडला घरी जाणार असाल, तर आईबाबांचे दोन्ही हात तपासा. दहा मिनिटांचं काम आहे.