डिस्ट्रो बदलणे हा चंचलपणा आहे काय?

लॅपटॉपवरील लिनक्सचे एक डिस्ट्रिब्यूशन काढून दुसरे घालणाऱ्यास चंचल ठरविण्याची चाल काही मंडळींत पडली आहे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सर्वत्र एकच. मग भांडे बदलल्याने पाणी निराळे कसे होणार, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो चतुर आहे. खरा मात्र नाही.

गाभा एकच, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्याभोवती कोणते प्रोग्राम ठेवावयाचे, ते कोणत्या भांडारातून आणावयाचे व केव्हा सुधारावयाचे, हे त्या त्या डिस्ट्रिब्यूशनचे चालक ठरवितात. तेव्हा प्रश्न पाण्याचा नसून विहिरीवर सत्ता कोणाची, हा आहे.

२०१२ साली उबुंटूच्या १२.१० या आवृत्तीत, स्वतःच्याच संगणकावर काही शोधण्यासाठी लिहिलेले शब्द कॅनोनिकल कंपनीच्या सर्व्हरकडे जाऊ लागले आणि उत्तरादाखल अ‍ॅमेझॉनचा माल दिसू लागला. रिचर्ड स्टॉलमन यांनी यास हेरगिरी म्हटले. ही सोय बंद करता येते, असे समर्थन पुढे आले. पण कपाटास कुलूप नव्हते म्हणून पाहुण्याने ते उघडावे काय? हा शोध मुळातच बंद ठेवण्याची सुबुद्धी २०१६ च्या १६.०४ आवृत्तीत सुचली. पुढे २०२० साली २०.०४ मध्ये नेहमीच्या आज्ञेने क्रोमियम मागविला तरी तो स्नॅप पद्धतीचाच येई, आणि स्नॅपचे भांडार कॅनोनिकलच्याच हाती! लिनक्स मिंट हे स्वतः उबुंटूवर उभारलेले. तरी त्याच वर्षीच्या मिंट २० मध्ये स्नॅपला आपोआप शिरण्यास मज्जाव करण्यात आला. ज्यांस कॅनोनिकलचे धोरण रुचले नाही त्यांस तोच लॅपटॉप ठेवून, एक पैही न खर्चिता, मिंटकडे वा डेबियनकडे जाता आले. हा चंचलपणा नव्हे. हा मताधिकाराचा उपयोग होय.

पडद्यावरील चित्र आवडले नाही म्हणून दरमहा घर मोडणाऱ्यांची वकिली आम्ही करीत नाही. विचारी मनुष्य प्रथम आपल्या फायलींची नक्कल बाहेरील डिस्कवर काढतो. नवी प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून वाय-फाय, आवाज व मराठी टंकलेखन नीट चालते की नाही ते पाहतो. आणि मगच जुनी पुसतो. एवढी दक्षता घेऊन, कारण सांगून जो निघतो, त्यास हसण्याचा अधिकार कोणासही नाही.

आक्षेपकांनी एवढेच सांगावे : ज्यास सोडून जाण्याची वाटच नाही, त्याची तक्रार आजवर कोणत्या कारखानदाराने मनावर घेतली आहे?