जंगल काय फक्त आयटीवाल्यांनाच लागतं?

१९८२ या एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. जपानच्या वनखात्याने ‘शिनरिन-योकू’ हा शब्द रूढ केला. अर्थ साधा: जंगलात निवांत वावरा, दीर्घ श्वास घ्या, मन हलकं करा. आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला आपल्याकडे प्रादेशिक सेनेची १२७ इन्फंट्री बटालियन (इकॉलॉजिकल) उभी राहिली. चुनखडीच्या खाणींनी बोडके केलेले मसुरीचे डोंगर पुन्हा हिरवे करायचे, हे तिचं काम. त्यासाठी घेतलेली माणसं म्हणजे त्याच भागातले निवृत्त सैनिक.

पहिल्या गोष्टीचं पुढे काय झालं, ते पुण्यात नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ‘वेलनेस’च्या नावाखाली ताम्हिणीत फॉरेस्ट बाथिंग करून येण्याचे मेल आम्हाला येतात. झाडाला मिठी मारा, फोन बाजूला ठेवा, परतीला मिसळ. दुसऱ्या गोष्टीचं काय झालं? डोंगर हिरवे झाले. राजस्थानच्या वाळवंटात, कुमाऊँमध्ये, नंतर आपल्या मराठवाड्यातही अशा बटालियन आल्या. पण त्यांची बातमी येते ती रोपांच्या आकड्यांची. किती लावली, किती जगली. ज्या हातांनी ती लावली, त्यांना रात्री झोप लागते का, हा रकाना त्या तक्त्यात नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्याला आपण चाळीस वर्षं फक्त वनीकरण म्हणत आलो, तो ग्रामीण भागातल्या माजी सैनिकांच्या मानसिक आरोग्याचा आपल्याकडे तयार असलेला एक चांगला मार्ग आहे. तो आरोग्याच्या खात्यात धरायला हवा.

साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी किंवा शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी घ्या. घराघरांतून माणसं फौजेत जाणारी ही गावं. जवान पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत परत येतो. गाव त्याला ‘मेजर’ म्हणतं, मग तो हवालदार म्हणून निवृत्त झालेला का असेना. पंधरा ऑगस्टला त्याला खुर्ची मिळते. उरलेले ३६४ दिवस काय करायचं, हे कुणी सांगत नाही. पहाटे चारला जाग येते, पण हजेरी घ्यायला कुणी नसतं. सोबत जगलेली माणसं दुसऱ्या राज्यांत पांगलेली असतात. कॅन्टीनमधल्या दारूचा महिन्याचा कोटा मात्र हुद्द्यानुसार ठरलेला असतो. समुपदेशनाचा तसा कोटा नसतो.

यावर दोन उत्तरं हमखास मिळतात. पहिलं: ‘फौजी गडी आहे, त्याला कसलं डिप्रेशन?’ व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहून अमेरिकेत जी चळवळ झाली, तिच्या रेट्याने १९८० साली पीटीएसडी हे निदान तिथल्या मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं. हा आजार धाडसाच्या अभावाने होत नाही. जे पाहिलं ते शरीर विसरत नाही, म्हणून होतो.

दुसरं उत्तर जास्त चिवट आहे: ‘तो गावातच राहतो की! शेत आहे, डोंगर आहे. त्याला निसर्ग काय शिकवता?’ शेतीशी संबंध फक्त रीलमधून येणारा माणूसच असं बोलू शकतो. शेत म्हणजे सोसायटीचं कर्ज, बांधावरून भावकीशी चाललेली केस, रात्री बारा वाजता येणारी वीज आणि पडलेला भाव. तिथे हिरवं असतं, पण निवांत नसतं. आणि शेतात माणूस एकटा असतो. एकट्याने नांगर धरणं आणि दहा जणांनी मिळून एक माळ जगवणं, यांत फार फरक आहे.

तो फरकच इकॉलॉजिकल बटालियनला जमला आहे. पहाटे उठायला कारण असतं. अंगावर वर्दी असते. भाषा, शिव्या आणि विनोद समजणारी माणसं शेजारी असतात. शरीर दमतं. बोलायचं असेल तर समोरासमोर बसून ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं कुणी विचारत नाही. दोघं शेजारी उकिडवे बसून खड्डा काढताना जे निघायचं ते निघतं. आणि दोन पावसाळ्यांनी जगलेलं झाड दिसतं. आयुष्यभर संहाराचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

झाडं लावली की औषधं बंद, असं मी म्हणत नाही. व्यसन, तीव्र नैराश्य, जीव द्यायचे विचार यांना डॉक्टरच लागतो. त्यासाठी २०२२ पासून टेलि-मानस आहे, १४४१६ हा नंबर फुकट लागतो. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस आहे. पण त्याचं पॉलिक्लिनिक शहरात, आणि ‘डोक्याच्या डॉक्टरकडे’ जायला निघालेला मेजर एसटी स्टँडवर चारचौघांना दिसतो. माळावरच्या रोपवाटिकेत जाताना त्याला कुणी हसत नाही. डॉक्टरपर्यंत पोचण्याआधीची पायरी तीच आहे.

मग करायचं काय? जिथे बटालियन आहेत, तिथे रोपांबरोबर माणसांच्या तब्येतीचीही नोंद ठेवा आणि आठवड्यातून एकदा समुपदेशक पाठवा. जिथे नाहीत, तिथे गायरान, देवराई, गावतळं माजी सैनिकांच्या गटाकडे द्या, पगारासकट. फुकट ‘श्रमदान’ नको; या माणसांनी पुरेसं दान केलंय. आणि गटाचा धागा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी जोडा.

घाई आहे, कारण २०२२ साली अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी शंभरातले पंचाहत्तरपर्यंत अग्निवीर घरी परततात. वय बावीस ते सत्तावीस, म्हणजे हे वाचणाऱ्या तुमच्याएवढंच. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. गावात त्यांना ‘मेजर’ तरी म्हणतील की ‘परत आलेला’ म्हणतील, कुणास ठाऊक.

आपला स्ट्रेस घालवायला कंपनी बस करून जंगलात नेते. सीमेवरून आलेल्याचा स्ट्रेस मात्र आपण त्याच्या बायकोवर आणि पारावरच्या बाकावर सोडून देतो. माळ ओसाड पडलाय, माणसं रिकामी बसलीत, आणि दोघांना एकत्र आणायची पद्धत १९८२ पासून आपल्याकडे आहे. नाही ती फक्त मंजुरीची सही.