घर आणि कायदा : चोविसाव्या आठवड्याची सीमा

गर्भपाताचा विषय कुटुंबांत निघाला म्हणजे वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. परंतु जें घरांत बोलावयाचें नाहीं, तेंच कित्येकदां पुढें न्यायालयांत बोलावें लागतें.

आपल्या देशांतील १९७१ सालच्या कायद्यानें गर्भपातास वीस आठवड्यांची मुदत घातली होती. २०२१ च्या दुरुस्तीनें ती कांहीं स्त्रियांपुरती चोवीस आठवड्यांपर्यंत वाढविली. वीसपर्यंत एका डॉक्टराचें मत पुरतें. त्यापुढें दोघांचें लागतें, आणि तें अत्याचारास बळी पडलेली, अल्पवयी, गर्भार असतां विधवा झालेली अगर घटस्फोट घेतलेली, अशा ठराविक स्थितींतील स्त्रियांनाच मिळतें. अविवाहितेसही ही सवलत आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं स्पष्ट केलें. चोवीसपलीकडे मात्र दोनच वाटा उरतात : गर्भांत गंभीर व्यंग असल्याचा वैद्यकीय मंडळाचा निर्णय, किंवा मातेचा जीव वांचविण्याची तातडीची गरज.

सीमा येथेंच कां? कारण याच सुमारास गर्भ उदराबाहेर जगण्याचा संभव उत्पन्न होतो. या प्रश्नाची कठोरता २०२३ च्या ऑक्टोबरांत दिसून आली. दोन मुलांची माता असलेल्या एका विवाहितेस, धाकटें मूल अंगावर पीत असल्यामुळें पाळी आली नव्हती; म्हणून दिवस गेल्याचें तिला फार उशिरां कळलें. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारानेंही ती पीडित होती. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं प्रथम परवानगी दिली. तेव्हां दिल्लीच्या एम्समधील एका डॉक्टरानें विचारलें कीं, गर्भ जगण्याजोगा आहे. तर प्रथम त्याचें हृदय बंद करावयाचें काय? या प्रश्नानें त्याच दोघां न्यायमूर्तींत मतभेद झाला. अखेर १६ ऑक्टोबर रोजीं तीन न्यायमूर्तींनीं परवानगी नाकारली. गर्भ सव्वीस आठवड्यांहून अधिक वाढला होता. बाळंतपणाचा खर्च सरकारनें सोसावा व मूल दत्तक देण्याची मोकळीक मातापित्यांस असावी, असें ठरलें.

यांत कोणास दोष द्यावयाचा? त्या मातेचें दुःख खरें होतें, आणि डॉक्टराचा संकोचही खरा होता. पंधराव्या आठवड्यांत हा पेंच पडलाच नसता. त्या बाईस कळलेंच नव्हतें. पण ज्या घरांत कळलेलें असतें, तेथें तरी आपण काय करतों? सासूबाईंस सांगावें कीं न सांगावें, लोक काय म्हणतील, पुढच्या महिन्यांत पाहूं, या घोळांत आठवडे निघून जातात. कायदा ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो, हेंही पुष्कळांस ठाऊक नसतें.

म्हणून घरांतील वडील बायकांस विनंति आहे. सुनेची वा लेकीची पाळी चुकली तर तिला आधीं बोलूं द्या. व्यंग ओळखण्याची सोनोग्राफी डॉक्टर सांगतील त्या वेळीं, बहुधा अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान, चुकवूं नका. आणि हें लक्षांत असूं द्या कीं, सज्ञान स्त्रीची एकटीची संमति कायद्यास पुरते. नवऱ्याची अगर सासऱ्याची लागत नाहीं. निर्णय तिचा आहे. तो वेळेवर घेतां यावा, एवढी सोय करणें मात्र घराच्या हातीं आहे.