तुमचा कोबायाशी कोण?



आमच्या प्रयोगशाळेत एक जपानी सहकारी आहेत. परवा जेवणाच्या सुट्टीत ते ताकिजी कोबायाशी या कादंबरीकाराविषयी भरभरून बोलत होते. बँकेत नोकरी करणाऱ्या या तरुणाने १९२९ साली 'कानीकोसेन' लिहिली. खेकडे पकडून तिथेच डबाबंद करणाऱ्या जहाजावरच्या मजुरांची ही गोष्ट. १९३३ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना त्याचा मृत्यू झाला, वय अवघे २९. आणि २००८ मध्ये, कंत्राटी नोकऱ्यांनी गांजलेल्या नव्या पिढीने तीच कादंबरी पुन्हा डोक्यावर घेतली! एवढे सांगून त्यांनी विचारले, "तुमच्या भाषेतला असा लेखक कोण?"

आम्ही डॉक्टरेटवाले, पण चटकन उत्तर सुचेना. सुचले ते घरी परतताना बसमध्ये: अण्णा भाऊ साठे. नाव ठाऊक होते, वाचले मात्र नव्हते. लाज वाटली. एका स्नेह्यांकडून पुस्तके आणली आणि पंधरा दिवस तीच वाचली.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात, मातंग कुटुंबात. शाळेशी संबंध जेमतेम दीड दिवसाचा. पोरवयात वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली. हमाली केली, कोळसे वाहिले, गिरणीत राबले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ ची 'फकिरा' डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली. तिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही न गाठता, ते गेले. मजुराचे जिणे पाहायला त्यांना कुठे जावे लागले नाही. ते त्यांच्या घरातच होते.

आम्हाला सर्वांत भिडली ती 'स्मशानातील सोनं' ही कथा. गाव सोडून मुंबईला आलेला भीमा दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. एके दिवशी त्याला राखेत सोन्याची अंगठी सापडते आणि तो प्रेतांवरचे सोने शोधू लागतो. आम्ही रसायनवाले, सोन्याचा हवेशी संयोग होत नाही, म्हणून राखेतही ते सोनेच राहते, हे आम्हाला पाठ. पण धट्टाकट्टा माणूस राख चाळायला का जातो, ते पुस्तकातल्या कुठल्याच समीकरणात नाही. शेवटी प्रेताच्या जबड्यात अडकून भीमाची बोटे जातात. आणि तेव्हाच बातमी येते, खाण पुन्हा सुरू झाली! तो डोंगरासारखा गडी लहान मुलासारखा रडतो. सोन्यासाठी नव्हे, कामासाठी.

वाचून मिटलेले पुस्तक बराच वेळ हातातच राहिले. आपणही इथे कामासाठीच आलो की! फरक इतकाच, की आपण विमानाने आलो, हातात नेमणुकीचे पत्र घेऊन.

बुकित गोंबाकच्या 'लिटल ग्वेलिन'ला आपण मुलांना घेऊन जातो, तळ्याकाठी फोटो काढतो. तीही एकेकाळची ग्रॅनाइटची खाणच. पुढच्या वेळी तिथे डबे उघडल्यावर मुलांना भीमाची गोष्ट सांगायची, असे आम्ही ठरवले आहे. तुम्हीही सांगून पाहा.

आणि त्या जपानी सहकाऱ्यांना आता उत्तर देऊन टाकले आहे.